बाबा, आपण का सांगायचे?

मालवण,
ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूची शांती तुम्हां दोघांबरोबर असो.

ईस्टरच्या रात्री आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रौढांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांतल्या एकीची धर्ममाता म्हणून मी उभी राहिले, हे फोनवर ऐकल्यावर बाबा, तुम्ही म्हणालात की ज्याला यायचे तो देवाच्या प्रेरणेने येईल, आपण कशाला सांगायला जायचे, आणि शिवाय हल्लीचे दिवस बरे नाहीत. आई, तू विचारलेस की आपल्याच घरांतली मुले रविवारच्या मिस्साला जायला कंटाळतात, तर बाहेरच्यांना शिकवण्याची एवढी ओढ कशासाठी. दोन्ही प्रश्न फोनवर चार वाक्यांत उरकण्याजोगे नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, तुमच्या मनातली धास्ती कुठून येते हे मला ठाऊक आहे, आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आपण वसईची माणसे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली, त्यांच्या राज्याबरोबर त्यांचे धर्मगुरूही आले, आणि आपल्या किती पूर्वजांनी मनापासून, किती जणांनी जमीन राखण्यासाठी आणि किती जणांनी भीतीपोटी क्रूस स्वीकारला, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चालले आणि त्याची दहशत खरी होती. हे आपण दडवू नये. २००० सालच्या मार्चमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये उघडपणे देवाची क्षमा मागितली, तेव्हा सत्याच्या नावाने ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) लेकरांनी केलेल्या जुलमांचाही त्यात उच्चार होता. जो अन्याय झाला त्याची लाज वाटणे हा श्रद्धेचाच भाग आहे, असे मी मानते.

परंतु त्याच इतिहासाची दुसरी बाजू तुम्हीच मला लहानपणी किल्ल्यात फिरवताना दाखवली होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगिजांचे अधिकारी आणि त्यांचे सैन्य निघून गेले, आणि ख्रिस्ती राहण्याने काही पदरात पडण्याचे दिवस संपले. तरीही वसईच्या वाड्या-पाड्यांतली माणसे संध्याकाळी गुडघे टेकून जपमाळ म्हणतच राहिली. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत तर पोर्तुगीज १७४० मध्ये गेले आणि त्यांच्या भाषेचा अवशेष असलेली बोली त्या गावातले ख्रिस्ती लोक आजही घरात बोलतात. आरंभ कसाही झालेला असो, सत्ता गेल्यावर जे टिकले ते सक्तीने टिकले नव्हते. कुणीतरी आपल्या मुलांना ते मनापासून सांगितले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

आता ख्रिस्तसभा याबाबत काय म्हणते ते पाहा. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले, एक धर्मस्वातंत्र्याविषयी आणि दुसरा मिशनकार्याविषयी. श्रद्धेच्या बाबतीत कोणत्याही माणसावर जबरदस्ती होता कामा नये असे पहिला सांगतो, आणि कुणाला सक्तीने, आमिषाने किंवा लबाडीने श्रद्धेकडे ओढण्यास ख्रिस्तसभा सक्त मनाई करते असे दुसरा सांगतो, ज्याचा सगळा विषयच सुवार्ता सांगणे हा आहे. आपली राज्यघटना पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. त्या निकालावर आपल्या लोकांनी पुष्कळ टीका केली आहे, पण मला स्वतःला त्यातून एक साधा नियम घेता येतो: मी सांगू शकते, मी कुणाला बदलू शकत नाही. बदल हा त्या माणसाचा आणि देवाचा आपसातला व्यवहार आहे.

आमच्याकडे प्रत्यक्षात काय होते तेही सांगते, कारण बाहेर समज असा आहे की कुणी आले, डोक्यावर पाणी ओतले आणि काम झाले. प्रौढांच्या दीक्षेचा विधी परिषदेनंतर, १९७२ मध्ये, पुन्हा सुरू झाला आणि तो मुद्दाम संथ आहे. आधी नुसत्या गप्पा आणि प्रश्न असतात. मग एके दिवशी चर्चच्या दारात त्या माणसाला विचारले जाते की देवाच्या ख्रिस्तसभेकडे तू काय मागतोस, आणि तो उत्तर देतो, ‘श्रद्धा’. नोकरी, शाळेतला प्रवेश, औषध, लग्न यांपैकी काहीही त्या उत्तरात बसत नाही. त्यानंतर कपाळावर क्रूसाची खूण केली जाते आणि कित्येक महिन्यांची शिकवणी सुरू होते. उपवासकाळातल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी शमरोनी स्त्री, जन्मांध आणि लाजर यांची शुभवर्तमाने वाचून त्यांच्यासाठी खास प्रार्थना होतात, आणि ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही एकत्र मिळतात. या सगळ्या काळात कोणत्याही दिवशी ‘मला नको’ म्हणून निघून जायला त्या माणसाला मोकळीक असते. काही जण जातात, आणि त्यांच्याशी आमचे बोलणे-चालणे पूर्वीसारखेच राहते.

एक तरुण आमच्याकडे आला होता, आपल्यातल्या एका मुलीशी त्याचे लग्न ठरले होते आणि त्यासाठी बाप्तिस्मा घ्यायला तो तयार होता. फादरांनी त्याला समजावून सांगितले की बिशपांच्या परवानगीने त्या दोघांचा विवाह चर्चमध्ये होऊ शकतो, त्यासाठी त्याने ख्रिस्ती होण्याची गरज नाही, आणि मनात नसताना घेतलेला बाप्तिस्मा हा संस्काराचा अपमान ठरेल. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तो मी पाहिला. त्यांचे लग्न झाले, तो हिंदूच आहे, आणि नाताळात गोठा बांधायला सगळ्यांच्या आधी हजर असतो.

तुम्ही विचाराल, लोक मग का येतात? मी ज्यांना जवळून पाहिले त्यांच्यापुरते सांगते. मी जिची धर्ममाता झाले ती मूळची कणकवलीकडच्या एका खेड्यातली. मालवणात एका वृद्ध ख्रिस्ती बाईंची शुश्रूषा करायला ती राहत असे. बाईंना अंथरुणावरून उठता येत नव्हते, जखमा चिघळल्या होत्या, आणि तरीही संध्याकाळी जपमाळेची वेळ झाली की त्या हिला सांगून उशी उंच करून घेत आणि आवाज फुटत नसला तरी ओठ हलवत. फादर रुग्णाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्कारासाठी, आले त्या दिवशी तेल कपाळाला आणि तळहातांना लागल्यावर बाई हसल्या, आणि ही दारात उभी राहून पाहत होती. पुढे बाई वारल्या. महिन्यांनंतर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, त्यांना मरायची भीती का वाटत नव्हती ते मला समजून घ्यायचे आहे. त्या बाईंनी तिला धर्माविषयी एक अक्षर शिकवले नव्हते. पण बाबा, पुढचा भाग महत्त्वाचा आहे: तिने विचारल्यावर उत्तर द्यायला कुणीतरी असणे भाग होते. त्या वेळी मी ‘हे तुझे तू बघ’ म्हटले असते, तर ती सभ्यता ठरली नसती, तो कृपणपणा ठरला असता.

एडिथ स्टाइन यांची हकीकत मला म्हणूनच जवळची वाटते. जन्माने यहुदी, तत्त्वज्ञानाच्या विदुषी, तरुणपणी प्रार्थना सोडून दिलेल्या. फ्रँकफर्टच्या कॅथीड्रलमध्ये त्या एकदा सहज डोकावल्या असताना बाजाराची टोपली घेतलेली एक बाई आत आली आणि रिकाम्या बाकांमध्ये गुडघे टेकून क्षणभर प्रार्थना करून गेली. उपासनेची वेळ नसताना, एकटीने, ओळखीच्या कुणाशी बोलावे तसे देवाशी बोलणे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते आणि ते त्या कधी विसरल्या नाहीत. पुढे युद्धात पती गमावलेल्या मैत्रिणीचे धैर्य पाहून आणि १९२१ मध्ये अविलाच्या संत तेरेसाचे आत्मचरित्र वाचून त्यांचा निर्णय झाला, १९२२ च्या पहिल्या दिवशी बाप्तिस्मा झाला, आणि १९४२ मध्ये ऑशविट्झमध्ये त्यांना मारण्यात आले ते यहुदी म्हणूनच. बाप्तिस्म्यानंतरही त्या आपल्या भाविक आईबरोबर सिनेगॉगमध्ये जाऊन बसत.

त्रावणकोरचे संत देवसहायम यांना, गुरेढोरे आणि मालमत्ता गमावल्याच्या दुःखात, एका डच अधिकाऱ्याने बायबलमधल्या, सर्वस्व गमावूनही देवाला धरून राहिलेल्या ईयोबाची गोष्ट सांगितली आणि तेवढ्यावरून त्यांचा शोध सुरू झाला. एकीची वाट न बोलता दिसलेल्या प्रार्थनेपासून सुरू झाली, दुसऱ्याची कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीपासून. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि तुम्ही मला पहिलीच तेवढी ठेव म्हणता.

पैशासाठी लोक ख्रिस्ती होतात, हे शेजारीपाजारी बोलतात आणि तुम्हाला ते बोचते. त्यावर एवढेच लिहिते की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्धांना आहे. त्या जातींतला जो माणूस ख्रिस्ती होतो तो सवलती गमावतो. गाठीचे सोडून कुणी येत असेल तर त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे आहे. आजार बरा करून देऊ, कर्ज फिटेल असे सांगत फिरणारे प्रचारक आहेत हे मी नाकारत नाही, पण ती आपली रीत नाही आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. मात्र बरोबरीने वागवले जाईल या आशेने आलेल्या माणसाला चर्चमध्ये पुन्हा जातीचीच उतरंड दिसावी, आणि आपल्यात लग्न जुळवताना ती किती दिसते हे तुम्ही जाणता, ही आपली खरी शरम आहे.

धर्म बदलल्याने घरे मोडतात, ही तुमची आणखी एक भीती. ती मी हलकी मानत नाही. आपल्याच कोकणातल्या करजगावचे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, कॅथलिक नव्हेत, प्रॉटेस्टंट, पण प्रश्न तोच होता. लक्ष्मीबाईंना किती वर्षे त्यांच्यापासून दूर, किती अपमान सोसत काढावी लागली हे महाराष्ट्र जाणतो, आणि पुढे त्या आल्या तेव्हा स्वतःच्या विचाराने आल्या. म्हणून मी माझ्या धर्मकन्येला सांगितले होते की आईला सांगितल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही, आणि तिच्या घरी मी स्वतः बरोबर गेले. तिच्या आईने सगळे ऐकून घेतले, तांदूळ निवडता निवडता. मग एकच विचारले, ‘चवथीक घराक येतलंस मा?’ ही म्हणाली की येईन, मोदक वळीन, पाहुण्यांचे पाहीन, पण पूजेला बसणार नाही आणि तसे खोटे वागणारही नाही. आईने सूप बाजूला ठेवले आणि आम्हांला जेवून जायला सांगितले. वडील मात्र अजून बोलत नाहीत. त्यांना घाई करू नकोस, असे मी तिला सांगते, आणि त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते.

आई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. आपली मुले का दुरावतात हे मला पूर्ण कळलेले नाही. पण प्रौढ दीक्षार्थींबरोबर बसू लागल्यापासून एक गोष्ट दिसते: आपण जे पाठ म्हणत आलो त्याचा अर्थ ते विचारतात, देव तिघांत एक कसा, निरपराध माणसाला दुःख का, भाकरीत येशू कसा, आणि आपल्याला उत्तर शोधावे लागते. ईस्टरच्या रात्री शुभ्र वस्त्रातली ती मेणबत्ती घेऊन उभी असताना शेवटच्या बाकावर मोबाइल बघत बसलेली दोन-तीन पोरे पुढे येऊन उभी राहिली. त्यांना प्रवचनाने कधी पुढे आणले नव्हते. सहाव्या पॉलनी १९७५ मध्ये लिहिले होते की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, आणि शिक्षकांचे ऐकलेच तर ते साक्षीदार असतात म्हणून. हे आपल्या घरातल्या मुलांनाही लागू आहे.

आणि बाबा, गोन्सालो गार्सिया आपल्याच वसईचा. धर्मगुरूही नव्हता, साधा फ्रान्सिस्कन बंधू. जपानी भाषा शिकून तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मेला. फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि नव्या ख्रिस्ती लोकांना ऐकायला काही हवे म्हणून त्यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत रचली, ती १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापली गेली. एकाला आपण संत म्हणून मिरवतो, दुसऱ्याला मराठीचा मानकरी म्हणून. सांगणे थांबवायचे असेल तर यांचा अभिमानही सोडावा लागेल, आणि तो तुम्ही सोडणार नाही हे मला माहीत आहे.

मी रस्त्यात उभी राहून पत्रके वाटत नाही, शाळेत मुलांना धर्माचे काही सांगत नाही, कुणाच्या देवाला नावे ठेवत नाही. विचारले तर सांगते, आणि जिथे माणूस ऐकायला तयार दिसतो तिथे विचारण्याची वाट न पाहताही सांगते. एवढे मला करू द्या, आणि तुमच्या आशीर्वादाने करू द्या.

मे महिन्यात मी येईन तेव्हा माझी धर्मकन्याही माझ्याबरोबर येणार आहे. तिला वसईचा किल्ला पाहायचा आहे आणि आईच्या हातचे इंदेल खायचे आहे. बाबा, ‘तू का आलीस’ हा प्रश्न तुम्ही तिलाच विचारा. ती संकोचणार नाही, आणि माझ्यापेक्षा नीट सांगेल. आईच्या गुडघ्यांचे तेल मी येताना आणीन, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील तर आधी कळवा.

तुमची लेक