दहा टक्क्यांची अट कायद्यात नाही

लोकसभेतील पक्षीय बलाबलावरील लेख वाचला. विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के जागा ‘कायद्याने’ लागतात, हे त्यातील विधान चुकीचे आहे. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांविषयीच्या १९७७च्या कायद्यात सर्वाधिक सदस्यांचा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढेच म्हटले आहे. दहा टक्क्यांचा दंडक पहिले लोकसभा अध्यक्ष दादासाहेब मावळंकरांच्या काळातला, तोही सभागृहात पक्ष म्हणून मान्यता देण्यापुरता. तरीही २०१४मध्ये ४४ खासदारांच्या काँग्रेसला हे पद नाकारले गेले. २०१९मध्ये ५२ खासदार असूनही ते रिकामेच राहिले. भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या लोकपालाच्या निवड समितीवर ज्याला स्थान आहे, असे पद दहा वर्षे रिक्त राहावे हे गंभीर आहे. आता महाराष्ट्र विधानसभेतही हाच दंडक पुढे केला जातो. संसदेने कायद्यातच याची स्पष्टता करावी.

– एक वाचक, सातारा