शेवटच्या हप्त्यानंतर

महोदय,

वर्षानुवर्षे वाट पाहिलेला घरकर्जाचा शेवटचा हप्ता भरला, की काम संपले असे बहुतेकांना वाटते. खरे तर कागदांचे काम तिथून सुरू होते. कर्ज पूर्ण फिटल्याचा लेखी दाखला घ्यावा, मूळ दस्तऐवज जमा करतेवेळच्या यादीशी ताडून परत घ्यावेत, मालमत्तेवरचा बोजा सरकारी नोंदीतून उतरवावा. पतनोंदीत (क्रेडिट रिपोर्टमध्ये) कर्जखाते ‘बंद’ दिसते का, हेही महिना-दोन महिन्यांनी पाहावे. बोजा तसाच राहिला, तर तो नेमका विक्रीच्या किंवा वारसा लावण्याच्या वेळी आडवा येतो.

दुसरा धोका मोकळ्या झालेल्या रकमेचा. ती खात्यात पडून राहिली की हळूहळू खर्चात मुरते आणि नवा हप्ता कधी सुरू झाला ते कळतही नाही. म्हणून त्याच तारखेला तेवढीच रक्कम आपोआप बचतीकडे वळवावी. आधी सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी, मग बाकीचे. थोडी मौजेसाठी ठेवावी, कारण अगदी कोरडा साधेपणा फार टिकत नाही.

कृतज्ञतेलाही रीत लागते. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ मधील एका प्रयोगात ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटले. मात्र ‘घर’ एवढेच लिहून भागत नाही. जामीन कोण राहिले, अडल्या महिन्यात उसने कोणी दिले, हे नावानिशी लिहावे आणि त्यांना कळवावेही.

— एक वाचक