बाबा, तो ट्रॅक्टर नको

सांगली, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून आई आधी दचकेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इकडं सगळे बरे आहेत. ट्रॅक्टरचा विषय फोनवर काढला की बाबा "बघू, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देतात. घरी येऊन काढला की आम्हा दोघांचा आवाज चढतो आणि आई चहा टाकायला उठते. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा वाचून आईच दाखवणार. आई, पैशाचा भाग आला की तुला तो गाळावासा वाटेल. गाळू नकोस.

मामांच्या व्याह्यांचा तो ट्रॅक्टर घ्यायचा नाही. ११ हजार विसार दिलाय हे मला कळलंय (आईनं नाही सांगितलं, मामींनी सांगितलं). तरीही नाही.

ट्रॅक्टरच नको असं माझं म्हणणं नाही. तीन वर्षांमागं होतं. द्राक्षबाग वाट्यानं देऊन टाका म्हणाले होते आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. ते शब्द मागं घेते. गेल्या दिवाळीत मी आले तेव्हा बाग फुलोऱ्यात होती आणि रात्रभर पाऊस पडला. सकाळी औषध बसलं नाही तर दावण्याची बुरशी घडात उतरणार, हे शिवारात सगळ्यांनाच ठाऊक; त्यामुळं त्या सकाळी सगळ्यांना ट्रॅक्टरमागं जोडायचा फवारणीचा तो एकच ब्लोअर हवा होता. भाड्याचा ब्लोअर आपल्याकडं तिसऱ्या दिवशी आला. तोवर बाबा फवारणीची गन घेऊन सव्वा एकर फिरले, आई मागं नळी ओढत. रात्री भाकरी मोडताना बाबांचा हात थरथरत होता. "पंपाचा हादरा बसलाय," म्हणाले, आणि डाव्या हातानं जेवले. त्या रात्रीपासून मी जुने ट्रॅक्टर बघायला लागले.

नवाच घ्या असं दादा कोइमतूरहून सांगतोय. सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानात बसून सांगायला काय जातंय! नवा, २४ एचपीचा, चारही चाकं ओढणारा घ्यायचा तर पाच लाखांच्या पुढं, ब्लोअर वेगळा. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आईच्या नावानं अर्ज केला तर सव्वा लाखापर्यंत अनुदान बसू शकतं, पण ते नव्यालाच, आणि आधी पूर्वसंमती, मग खरेदी, मग पैसे खात्यावर. ऑक्टोबरची छाटणी तोवर थांबणार नाही. एक गोष्ट मात्र नव्याची आपल्या कामाला येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांचा ५ झाला, नव्याचे दर उतरले. जुना विकणारे अजून पहिल्याच भावाला धरून बसलेत. भाव करताना हे बोलायचं, बाबा. लाजायचं नाही.

दादानं पाठवलेले १५ एचपीचे व्हिडिओही विसरा. उसाच्या भरणीला, छोट्या रोटरला ते चालतात. पण ६०० लिटरचा ब्लोअर भरला की पाण्याचंच वजन ६०० किलो. ते ओल्या रानात ओढायचं आणि त्याच वेळी पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, पंपही चालवायचा, पंखाही फिरवायचा. आपल्या खालच्या तुकड्यात पाऊस झाला की माणसाची चप्पल रुतते, तिथं हा काय करणार?

आता व्याह्यांच्या ट्रॅक्टरविषयी. मी तो दोनदा बघितलाय. पहिल्यांदा दाजींबरोबर, सांगून गेलो होतो. चहापाणी झालं, त्यांनी चावी फिरवली, एका दमात चालू. मी चालू करायच्या आधीच सहज बॉनेटखाली हात घातला होता. इंजिन कोमट होतं. आम्ही येणार म्हणून तापवून ठेवलेलं. डिझेल इंजिनाची तब्येत गार असतानाच कळते, हे आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपात झाडलोट करणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणून मंगळवारी न सांगता, सव्वासहाला, आमच्या ओळखीच्या फिटरला घेऊन गेले. पाच वेळा चावी फिरवली तेव्हा उठला, आणि अंगणभर पांढरा धूर. तो विरायला वाट बघितली. मग फिटरनं इंजिन चालू ठेवूनच ऑइलचं झाकण काढलं. आतून धाप लागल्यासारखी फकफक वाफ बाहेर. पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणाला. तासांचं मीटर ९४० दाखवतंय आणि क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत, पाय ठेवायचा पत्रा घासून चकचकीत. ९४० तासांत पत्रा असा होत नाही.

हे सगळं दुरुस्त होणारं आहे. मी थांबले ती हेडलाइटपाशी. उजव्या दिव्याच्या काचेच्या आत, तळाशी, करड्या गाळाची एक बारीक रेघ होती, वाळलेली, चंद्रकोरीसारखी. बाबा, भिलवडीला आत्याच्या माजघराच्या भिंतीवर तुम्ही मला बोटानं दाखवली होती, तशीच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, जिथं ४५ फुटांनाच धोका धरतात. व्याह्यांचं गाव अगदी काठावर. ते म्हणतात, "गाव पाण्यात होतं, पण ट्रॅक्टर माळावर नेलेला." मग सीटखालच्या टूलबॉक्सच्या कोपऱ्यातही तोच गाळ कसा? आणि अख्खं वायरिंग नवं कशासाठी?

फिटरनं जे सांगितलं ते तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहिते. पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर धुतात, सगळी ऑइलं बदलतात, वायरिंग टाकतात, रंग मारतात, तो चालतोही. पण गिअरबॉक्समध्ये आणि पुढच्या एक्सलमध्ये पाणी शिरून चार-आठ दिवस बसलं असेल तर बेअरिंगवर गंजाचे टोचे पडतात, आणि ते ग्रीसनं भरून येत नाहीत. एक बदललं की दुसरं वाजतं. दुसऱ्या गिअरला तो आत्ताच कण्हतोय. तुम्ही तो चालवून बघितलात तेव्हा म्हणालात, "आवाज जरा आहे, जुन्याला असतोच." तो हाच आवाज.

व्याह्यांचंही त्या पुरात खूप गेलं असणार, मी त्यांना लबाड म्हणत नाही. पण त्यांचं नुकसान आपण का विकत घ्यायचं?

मामांशी मी बोलले. आधी चिडले. "सोयऱ्याच्यात असं मशीन उघडून बघत्यात व्हय गं?" मी म्हटलं, मामा, मुलगी बघायला जाताना तुम्ही चार गावांत चौकशी करता. मग जरा हसले. शेवटी ठरलं असं की "भाचीनं मोडता घातला" म्हणून ते सांगतील. सांगू देत. वाईटपणा माझ्या नावावर, बाबांनी त्यात पडायचंच नाही. विसार परत आला तर आला. नाही आला तर ११ हजारांत गिअरबॉक्स नुसता खोलूनही होत नाही.

दुसरा बघून ठेवलाय. मणेराजुरीच्या पुढं, एका शेतकऱ्याचा. केशरी कुबोटा, निओस्टार, २४ एचपी, २०१९ चं मॉडेल, चारही चाकं ओढणारा, आपल्या नऊ फुटी ओळीतून आरामात वळेल. मीटर २,३०० तास. आकडा ऐकून बाबा बिचकतील. पण ते तास बागेतले आहेत. ब्लोअर चालवताना इंजिन एका लयीत फिरतं, गाडी ओळीतून चालीनं जाते, क्लच ओळ संपल्यावर वळतानाच दाबायचा. उसाच्या ट्रॉलीला लावलेला १,२०० तासांचा याच्यापेक्षा जास्त थकलेला असतो. मडगार्डवर बोर्डो औषधाचे निळसर डाग आहेत, नटबोल्ट फवाऱ्यानं खाल्लेत, दिसायला अगदीच दरिद्री. पहाटे गार असताना दुसऱ्या झटक्याला उठला आणि धूर मिनिटात गेला. लिफ्ट भार धरते का बघायला तिच्यावर रोटर उचलून इंजिन बंद केलं, टेपनं जमिनीपासून माप घेतलं, चहा प्यायलो, वीस मिनिटांनी परत मोजलं. दोन बोटं उतरला होता. चालतंय.

दोषही आहेत. पुढचे टायर टकले झालेत, डाव्या एक्सलचं सील पाझरतंय, सीट फाटकी. पीटीओच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर गायब, त्याविषयी खाली लिहिते. ब्लोअरसकट तीन नव्वद म्हणत होते, टायर आणि जीएसटी दाखवून तीन साठवर आणलेत. बाबा आले तर अजून दहा कमी होतील, मला तेवढी घासाघीस जमत नाही.

त्यांनी बाग काढली, म्हणून विकतायत. नुसते खांब उभे आहेत अजून, तारा गुंडाळून बांधावर ठेवलेल्या. भाव ठरल्यावर एवढंच म्हणाले, "बागंतच चालवा, ट्रॉलीला लावू नका." आणि आत गेले. आम्ही निघालो तरी बाहेर आले नाहीत. आपली खिलार जोडी गेली त्या दिवशी बाबाही गोठ्याकडं फिरकले नव्हते, ते आठवलं.

कागदाचं. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. कर्ज फिटलंय, पण बोजा उतरवलेला नाही. कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आधी त्यांनी तो उतरवायचा, मग २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या, मग उरलेले पैसे. दोन्हीकडं एमएच-१० च आहे, म्हणजे सांगलीच्या आरटीओतच काम. शंभराच्या स्टँपवर लिहून घेऊन "नंतर बघू" असं करायचं नाही. काकांनी मोटारसायकल तशी विकली आणि चार वर्षांनी दुसऱ्याच्या अपघाताची नोटीस काकांच्या दारात आली. तुम्हीच त्यांच्याबरोबर कोर्टात गेला होतात.

आता आई, हा तो भाग. बेदाणा तासगावच्या कोल्ड स्टोअरेजला आहे आणि दर चढायची वाट बघताय, मला माहीत आहे. आत्ता सौद्याला काढू नका. दादा एक लाख देतोय ते बाबांनी निमूट घेतले. माझे ऐंशी हजार मात्र "लेकीचा पैसा नको." त्याच लेकीनं पहाटे साडेपाचला उठून दोन ट्रॅक्टरांखाली सरपटत जाऊन सील बघितलंय, ते चाललं का? बरं, देणगी नका म्हणू. हातउसने म्हणा. बेदाणा विकला की परत करा, मी मोजून घेईन, एक रुपया सोडणार नाही. यांनाही विचारलंय. "आधीच द्यायला पाहिजे होते," एवढंच म्हणाले.

राहिलं ते शाफ्टचं. ब्लोअरची टाकी भरताना आईच नळी घेऊन मागं उभी राहते. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक त्यात गेलं तर "बंद करा" म्हणायलाही वेळ मिळत नाही. मळणी यंत्रात असं झालेलं आपण गावात बघितलंय, नाव लिहीत नाही. त्या मापाचं कव्हर सांगलीत मिळतंय, मी चौकशी केली आहे. ते बसेपर्यंत ब्लोअर जोडायचा नाही. आणि बसल्यावरही टाकी भरताना पीटीओ बंद, चावी आईच्या कमरेला. बाबा, यावर "बघू" चालणार नाही.

मी बुधवारी सकाळच्या एसटीनं येते, फिटर त्याच्या गाडीवरून थेट मणेराजुरीला येईल. बाबांनी तयार राहावं. आणि आई, दाजींचं तुझी शेंगदाण्याची चटणी संपल्याचं मला तीनदा सांगून झालंय, तेवढी बांधून ठेव.

तुमची,
ताई