आई, बाबांच्या वळण्याकडे लक्ष ठेव

ती. आई-बाबांस, सा. नमस्कार.

बाबा, बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे तुम्हाला कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची बाधा झाली. ऑक्सिजन लावला की रक्तातला हा वायू काही तासांत उतरतो, तसा तुमचाही उतरला. पण मेंदूतल्या तंतूंवरच्या आवरणाची झीज मागाहून सुरू होऊ शकते. माणूस ठणठणीत होऊन घरी येतो आणि 2 ते 40 दिवसांत कधीतरी चाल बिघडते. वय झालेल्यांना आणि बेशुद्ध पडलेल्यांना हा धोका जास्त. तेव्हा पुढचे सहा आठवडे जपायचं.

आई, हे तुलाच बघावं लागेल, ज्याचं त्याला चटकन उमगत नाही. रोज त्यांना खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालव आणि वळताना पावलं मोज. एरवी दोन-तीन पावलांत होणाऱ्या वळणाला सहा-सात बारीक पावलं लागली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, हात हलेनासे झाले किंवा तोल मागे जायला लागला, तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे ने. वहीत रोज एक ओळही लिहून घे. अक्षर बारीक होत गेलेलं तारखांवरून लगेच कळतं. हात थरथरायची वाट बघू नकोस, यात कंप बहुधा नसतोच. चेहरा कोरा, बोलणं कमी, विसरभोळेपणा, कपड्यात लघवी होणं, हेही त्यातच येतं. ‘रुसलेत’ म्हणून सोडून देऊ नकोस. आणि ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ठेवून दे. रक्तात हा वायू असतानाही ते 98 दाखवतं, आता तर त्याचा काहीच उपयोग नाही.

डॉक्टरांना आधी वायूची गोष्ट आणि तारीख सांगा. नाहीतर पार्किन्सन (कंपवात) समजून त्यावरचं औषध लेव्होडोपा सुरू होतं आणि त्याचा इथे फारसा गुण येत नाही. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड घरच्या घरी देऊ नकोस, त्याने ताठरपणा वाढतो. पहिला स्कॅन चांगला होता म्हणून एमआरआय टाळू नका.

घाबरवायला लिहीत नाहीये. 2002 साली कोरियातल्या डॉक्टरांनी या वायूची बाधा झालेल्या 242 रुग्णांची नोंद छापली. हालचालींचा विकार 32 जणांना झाला, त्यांतल्या 23 जणांना पार्किन्सनसारखा. पुढे ज्या 16 जणांवर लक्ष ठेवता आलं, त्यांतले 13 सहा महिन्यांत आपोआप सुधारले.

गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर बसवेपर्यंत बंदच ठेवा. खिडकी उघडी ठेवून ‘पाच मिनिटं’सुद्धा नको.

तुमची लेक