लडाखला निघणाऱ्या मारुती जिप्सीवाल्यांसाठी सूचना

सदस्यहो, मनाली-लेह रस्त्याला लागण्याआधी गाडी नीट तपासून घ्या. लाइटबार, स्टिकर नंतर. आधी पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पानं, त्यांना अॅक्सलशी जखडणारे यू-बोल्ट आणि टोकांचे रबरी बुश बघा. रबरी होज (पाइप), फॅन बेल्ट जुने वाटले की बदलाच. काढलेला बेल्ट चालता असेल तर जवळ ठेवा. कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल-हवेचं मिश्रण यांत्रिक पद्धतीने करणाऱ्या) जुन्या गाड्या बारालाचा खिंडीच्या विरळ हवेत काळा धूर ओकतात, ओढ मरते. मिश्रणातलं पेट्रोल कसं कमी करायचं ते मेकॅनिककडून शिकूनच या. फोर-व्हील ड्राइव्हसाठी पुढच्या चाकांचे हब लॉक होतात का, हे चिखलात रुतल्यावर नव्हे, घरीच पाहा. टाकी जेमतेम ४० लिटरची आणि मनालीकडच्या टांडी गावानंतर लेहजवळच्या कारूपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर पंपाचा भरवसा नाही, म्हणून पेट्रोलसाठी २० लिटरचा धातूचा कॅन सक्तीचा. निघण्याआधी पूर्ण सामानासह एकदा ताम्हिणी घाट चढून या.