तुम्हाला न विचारता

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी तुम्ही गंगावेशीला दूध आणायला गेला होतात, तेव्हा मी तुमच्या लॅपटॉपवरील फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन हे साधन बसवले. विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारले नाही. ते फुकट आहे. तुमचे वर्तमानपत्र, शब्दकोडे, पंचांग, सारे होते तिथेच आहे. उलट पाने लवकर उघडतील.

दोन हजारांच्या त्या तेलाबद्दल मला काही बोलायचे नाही. ते आईच्या काळजीपोटीच तुम्ही मागवलेत. पण गुडघेदुखी एकदा शोधल्यावर, हवामान पाहायला गेलात तरी तेच तेल समोर येत होते, हा योगायोग नव्हे. पान उघडता उघडता, पापणी लवण्याच्या आत, त्यावरील रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो आणि या घरात गुडघेदुखी आहे ही खूण आधीच नोंदलेली असल्यामुळे तेलवाला चढी बोली लावतो. मार्केट यार्डात तुम्ही जन्मभर गुळाचे सौदे पाहिलेत. इथे गुळाच्या रव्याच्या, म्हणजे ढेपेच्या, जागी आपण असतो.

तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. तालमीच्या स्मरणिकेसाठी मला सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही गुजरीतल्या सराफांकडे पाव पान, अर्धे पान जाहिरात मागत फिरलात (माझ्या मांडीला वळ उठायचा, पण कोल्ड्रिंक मिळायचे), आणि जाहिरातीवाचून अंक निघत नाही हे मी तिथेच शिकले. ते साल १९९४. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत हॉटवायर्ड या इंटरनेटवरील मासिकाच्या पानावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीची आडवी पट्टी झळकली, आणि तेव्हापासून कितीतरी संकेतस्थळे अशीच जगतात: जाहिरात हजारदा दिसली की काही पैसे, कुणी तिच्यावर बोट ठेवले की काही. ती अडवली की त्यांचे ते पैसे बुडतात, हे मी नाकारत नाही. म्हणून तुमचे शब्दकोडे आणि जिल्ह्याच्या बातम्यांचे पान मी मोकळे सोडले आहे, शिवाय तुमच्या दैनिकाची वर्षाची डिजिटल वर्गणीही भरली आहे. मात्र स्मरणिकेतला सराफ कधी आपल्या मागे मागे घरापर्यंत आला नव्हता, बाबा.

आता ऐका. एखादे अनोळखी पान ‘हे साधन बंद करा’ म्हणाले, तर ते पानच बंद करायचे. आईच्या मोबाइलवरील यूट्यूबच्या अॅपमध्ये हे चालत नाही, त्यामुळे भजनाच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातींवर तिने बोट ठेवायचे नाही. आणि आई, गुडघा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय माळ्यावर चढायचे नाही. पापडाचे डबे मी येऊन काढीन.

लॅपटॉपवर वर उजवीकडे लाल ढालीचे चिन्ह दिसेल. मोकळ्या सोडलेल्या दोन ठिकाणी ते करडे होईल. त्यावरील आकडा म्हणजे त्या पानावर किती गोष्टी अडवल्या त्याचा हिशोब. तो मात्र रोज वहीत उतरवत बसू नका.

तुमची,
ताई