लेकरू कडेवर असताना लागणारे फ्रेंच

संपादक महोदय,

सुट्टीत लेकीकडे, भावाकडे फ्रान्सला जाणारी कुटुंबे आता मराठवाड्यातही आहेत. निघताना फ्रेंच वाक्ये पाठ केली जातात, पण ती संग्रहालयाची आणि तिकिटाची. लेकरू कडेवर असले की लागतात ती दुधाची, डायपरची, तापाची वाक्ये. ती आधी शिकावीत, असा आमचा आग्रह आहे.

सुरुवात ‘बोंजूर’ने, म्हणजे नमस्काराने. औषधाचे दुकान असो की बस, आधी ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्यू’, मग काम. आपल्याकडे थेट ‘तापाचं औषध द्या’ म्हटले तर कुणाला वावगे वाटत नाही. तिथे तो उद्धटपणा ठरतो. मागणीला ‘सिल वू प्ले’, म्हणजे ‘कृपया’, जोडावे.

सगळ्यात जास्त काळजी औषधाच्या दुकानात घ्यावी. हिरवा क्रॉस दिसला की ती ‘फार्मासी’. मुलाला ताप असेल तर ‘इल आ द ला फ्येव्र’, मुलीला असेल तर ‘एल आ द ला फ्येव्र’. मग वय विचारतील आणि इथेच गफलत होते. दोन वर्षे म्हणजे ‘द झाँ’, बारा वर्षे म्हणजे ‘दू झाँ’. ‘द’चा ‘दू’ झाला की दोन वर्षांचे लेकरू बारा वर्षांचे होऊन बसते. ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवून ‘दे’ म्हणावे, म्हणजे उच्चार जवळ जातो. ‘आँ’ नाकात सोडावा, मागे ‘न’ येऊ देऊ नये. आणि दोन बोटे दाखवावीतच.

वजनही तोंडपाठ हवे. ‘इल पेझ दूझ किलो’ म्हणजे याचे वजन बारा किलो. तिथे लहान मुलांसाठी मिळणाऱ्या डोलिप्रान या पॅरासिटामॉलच्या पातळ औषधासोबत एक पिचकारी येते. तिच्यावर मिलिलिटरच्या नव्हे, किलोच्या खुणा असतात. बारा किलोच्या लेकराला बाराच्या खुणेपर्यंत, तो एक डोस. पुढचा सहा तासांनी. ही पिचकारी दुसऱ्या औषधाच्या बाटलीला मुळीच लावू नये. आपल्याकडे पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमचे आणि 250 मिलिग्रॅमचे अशी दोन्ही सिरप मिळतात, त्यामुळे ‘एक झाकण द्या’ ही घरची सवय तिकडे नेणे धोक्याचे आहे. पॅरासिटामॉल तिथे किराणा दुकानात मिळत नाही आणि रविवारी बहुतेक फार्मासी बंद असतात. उघडी कोणती, हे विचारायला ‘फार्मासी द गार्द’ एवढे तीन शब्द पुरतात.

दुधाची पावडर घेताना डबा पाहावा: सहा महिन्यांपर्यंत ‘प्रम्ये आज’, त्यापुढे वर्षापर्यंत ‘दझ्येम आज’. डायपर म्हणजे ‘कूश’, ते बदलायची जागा ‘ताब्ल आ लाँजे’. शौचालयासाठी ‘ऊ सों ले त्वालेत?’ आणि लगेच ‘से पूर लाँफाँ’, म्हणजे लेकरासाठी हवे आहे. कॅफेतले शौचालय गिऱ्हाइकांसाठी असते, पण हे दुसरे वाक्य ऐकून बरेच जण दार दाखवतात.

शाकाहारी घरांनी ‘साँ व्याँद’ म्हणून थांबू नये. त्यात मांस वगळले जाते, मासे नाहीत. ‘साँ प्वासों’ (मासे नकोत), ‘साँ जाँबों’ (हॅम, म्हणजे डुकराचे मांस नको) हेही म्हणावे. अंडे चालत नसेल तर ‘साँ झफ’. मऊ, चिवट गोळ्यांच्या पाकिटावर ‘जेलातीन द पोर’ असेल तर ते डुकराचे जिलेटिन. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. जेवायला बसल्यावर ‘यून काराफ दो’ म्हटले की नळाचे पिण्याचे पाणी फुकट मिळते.

हॉटेलांची स्वयंपाकघरे दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, ती संध्याकाळी सातपर्यंत उघडत नाहीत. लेकराला भूक नेमकी मधल्या वेळेत लागते. तेव्हा ‘बूलाँजरी’, म्हणजे पावाचे दुकान गाठावे. तिथली मुलेही चारला ‘गूते’, म्हणजे मधल्या वेळचा खाऊ, खातात.

सगळी वाक्ये मूळ फ्रेंच स्पेलिंगमध्येही कागदावर लिहून घ्यावीत. उच्चार फसला तर कागद दाखवता येतो. त्याच कागदावर ठळक अक्षरांत दोन नंबर लिहावेत: वैद्यकीय मदतीसाठी 15 आणि कोणत्याही संकटासाठी 112.

आपले,
फ्रेंच शिकवणारे काही शिक्षक,
छत्रपती संभाजीनगर